सूरची भट्टी

गावाचं नाव सूर. आमच्या भाषेत त्याला अर्थ आहे,
तो इथं कुणाला सांगून काय करू?

दहाला एकदा, चारला एकदा,
शुक्रवारी फक्त चारला,
तापवायचं, ठोकायचं, लोकांकडे बघायचं.
घरी सांगितलंय, म्युझियममध्ये नोकरी.
भाता बकऱ्याच्या कातड्याचा,
त्याच्या मागे पडद्याआड विजेचा ब्लोअर.
ऐरण मधोमध खोल गेलेली, उशीसारखी.

मी लोहाराचा नव्हे. मी देवगडचा,
दुबईच्या गोदीत बारा वर्षं वेल्डर.
घण धरायला इथं शिकलो, मोबाइलवर बघून.

रोज सहा खिळे होतात. वीतभर, चौकोनी,
गलबताच्या फळीत जायचे तसे.
गलबत नाही.
हमूद ते मोजतो, वहीत सहा लिहितो
आणि सकाळी परत माझ्याच पुढ्यात टाकतो:
कालचे खिळे वितळत नाहीत, नुसते लाल होतात,
मी त्यांना सरळ करतो, परत खिळा करतो.
पगार मात्र वेळेवर.

मंगळवारी खलफान आला, नातवाच्या खांद्यावर हात.
डोळे गेलेले. तरी तिकीट काढलं,
तरी पहिल्या बाकावर बसला.
मी तीन घाव घातले.
त्यानं काठी आपटली. थांब.

नातू मोडक्या हिंदीत सांगू लागला:
बाबा म्हणतात, तू मधे मारतोस.
मधे ती कधीच मेली. आम्हीच मारली.
कडेला ये. डाव्या.

डाव्या कडेला आलो. मारलं.
मागे बसलेली एक पोरगी आईला म्हणाली,
अगं, ही वाजते!
(पुण्याची असावी.)
म्हातारा पुटपुटला, सूर.
गावाचंच नाव घेतलं असणार.

खिळा निवाल्यावर त्यानं मागून घेतला,
टोकावरून अंगठा फिरवला, वास घेतला,
आणि झब्ब्याच्या खिशात टाकला.
हमूद वही घेऊन उठला.
उभा राहिला थोडा वेळ.
मग बसला आणि पाच लिहिलं.

रात्री झाडताना चटई उचलली,
ऐरणीच्या डाव्या अंगाची, वर्षभर न हललेली.
खाली दगडात दोन खळगे,
टाचेकडे खोल, चवड्याकडे उथळ.
चपला काढल्या.
डावा पाय बरोबर बसला.
उजवा जरा मोठा पडतो.