अंगावर काढलेलं

ॲबरडेअरच्या चढावर, लाल दिव्यापाशी,
माझी कोर्सा हिव भरल्यासारखी थरथरायची.
आरशात मागची लॉरी दोन-दोन दिसायची,
कप्प्यातली पेन्सची नाणी कुजबुजायची.
पहिला गिअर टाकला की खालून एक ठक्क,
बंद दार एकदाच वाजवून
कुणी निघून जावं तसं.
मी रेडिओ मोठा करायची.
सहा महिने.

एमरिसनं बॉनेट उघडलं.
म्हणाला, हँडब्रेक ओढ, क्लच सोड, केसभरच.
इंजिन उठलं. चांगलं दोन बोटं उठलं,
झोपेत हाक ऐकल्यासारखं,
आणि धपकन बसलं.
'याला काही झालेलं नाही,' तो म्हणाला,
'हे पहिल्या दिवसापासून असंच हादरतंय.
तुला कळत नव्हतं, एवढंच.'

टॉर्च धरून दाखवला त्यानं
दोन लोखंडांच्या मधला मुठीएवढा रबर.
हिवाळ्यातल्या ओठासारखा फाटलेला,
आतलं तेल कधीच गळून गेलेलं.
एक लाख दहा हजार मैल
त्यानं सगळं अंगावर काढलं होतं.
आणि मी रोज दवाखान्याच्या खिडकीत बसून
लोकांना सांगते, अंगावर काढू नका.

ऑइल पॅनखाली लाकडाचा ठोकळा, त्याखाली जॅक.
'उचलायचं नाही हं. नुसता आधार.'
तिन्ही माउंट एकदम सोडायचे नाहीत,
एक काढायचा, एक बसवायचा,
नाहीतर इंजिन वाट विसरतं.
नवा माउंट काळाकुळकुळीत,
अजून कशाचीच सवय नसलेला.

बोल्ट मात्र त्यानं माझ्या हातात दिला.
'पहिले आटे तू लाव.'
बावीस वर्षं खाणीत ड्रिल धरलेली त्याची बोटं
थंडीत पांढरी पडतात,
आटा धरला की चुकला, ती सांगत नाहीत.
मी लावले. तिरपे गेले. परत लावले.
जॅक उतरला, वजन हळूहळू बसलं,
मग त्यानं पाना घेतला
आणि टक् होईपर्यंत आवळलं,
त्यापुढे एक रेसभरही नाही.

चावी फिरवली. काहीच नाही.
पुन्हा फिरवली तशी गाडी खरखरून ओरडली,
आणि तो गुडघ्यावर हात मारून हसला,
'अगं बाई, ती चालूच आहे!'

निघताना आरशात पाहिलं:
दोन्ही पंजे काखेत खुपसून
फाटकाशी उभा एमरिस.
एकच.