एक किरण कमी

देज मोजायला बसले तेव्हा
धुकं अजून डोंगराच्या कमरेला होतं.
मी फळ्यांच्या भिंतीमागे
तांदूळ निवडायचं सोंग करत.

आमच्या बाजूचे सायपाओ काका
एकेक पियास्त्र बोटाच्या टोकावर तोलायचे,
दुसऱ्या नाण्याची टिचकी,
मग कान जवळ.
खण्ण.
पुढचं. खण्ण.
फ्रेंचांची ती बसलेली बाई, डोक्यावर किरणांचा मुकुट,
तेहेतीस वेळा गायली.
चौतिसाव्याला
बद्द.

मक्याची दारू पेल्यांत तशीच राहिली.
नवऱ्याकडचे म्हणाले, सरकारी कचेरीतून आलंय हे,
अफूच्या बदल्यात, खुद्द साहेबाच्या हातून.
आमचे म्हणाले, साहेबाला नाही द्यायची मुलगी.

तेव्हा ब्लियातू आजोबांनी हात पुढे केला.
चाळीस वर्षं भट्टीचा धूर खाल्लेले डोळे,
म्हणून अंगठ्यानेच पाहिलं:
कड. गुडघा. मुकुट.
मुकुटावर अंगठा जरा थांबला.
"खरं आहे. घ्या मोजून."
सोनाराच्या शब्दापुढे कोण बोलणार.

रात्री भाता ओढता ओढता मला म्हणाले,
माणशी कर दुप्पट झाला त्या साली
घोडं गेलं, तुझ्या आजीच्या गळ्यातलं गेलं.
मग शिसं ओतलं मी,
वर चांदीचं पातळ कातडं.
सात केली. साचा तडकलेला,
बाईचा एक किरण कमी पडला.
कारकुनानं बघितलंसुद्धा नाही, मोजून पेटीत टाकली.
सहा कुठे गेली कुणास ठाऊक.
हे मात्र बघ,
व्हिएन्तियान, हानोई, कुठे कुठे हिंडून,
किती जणांचे खिसे बघून
नेमकं तुझ्या देजात.
हसले. मग बराच वेळ खोकत राहिले.

बाकीची वितळली. माझ्या गळ्यातली सरी त्यांचीच.
हे एक भोक पाडून कमरपट्ट्याला शिवलं,
जुन्या सुट्ट्या नाण्यांच्या रांगेत, डावीकडून तिसरं.
भोकाच्या कडेला करडं दिसायचं,
म्हणून दोरा जाड घातला.

नव्या वर्षाच्या मेळ्याला चालते तेव्हा सगळी वाजतात.
नणंदेला कान आहे.
म्हणाली, वहिनी, यातलं एक मुकं आहे गं.
म्हटलं, असू दे,
ते माहेरचं आहे.