उंबी

गाडी चावडीपाशी थांबली तेव्हा
मी अंगणवाडीत डाळ मोजत होते.
काचेआड आधी एक लाल बूट दिसला,
मग बराच वेळ काहीच नाही.

जोसना उतरली, माझी नणंद.
अकरा वर्षं झाली तिला फ्रान्सात,
दवाखान्यात रात्रपाळी करते.
लग्न केलं नाही, कागद केले.
चार वर्षं कागद, तिसऱ्याच देशाच्या कोर्टाचे,
मादागास्करचे,
ज्याचं नाव मामंजींना अजून एका दमात येत नाही.
आणि आता तिच्या कमरेला चिकटलेली
सहा वर्षांची ललैना.

बाया जमल्या. जमणारच.
कोणी म्हणालं, "आपल्याहून सावळी हाये व."
कोणी म्हणालं, "ललिता म्हणू, सोपं पडते."
"नाव तिच्यासंग आलं काकू," जोसना म्हणाली,
"दुसरं काहीच आलं नाही. राहू द्या."
काकूंचा हात तरी गेलाच केसांकडे.
पोर एक पाऊल मागे सरली,
एकच, पण सगळ्यांना दिसलं.

मी ओवाळायला दिवा पुढे केला
तर तिनं फुंकर मारली.
तिकडे तोंडासमोर ज्योत आली की वाढदिवस असतो.
बायांनी तोंडाला पदर लावले.
मी पुन्हा लावला, तिनं पुन्हा विझवला,
गाल फुगवून, मन लावून.
तिसऱ्यांदा मी काडेपेटीच कमरेला खोचली.

मामंजी दारात आले नाहीत.
ते गोठ्यात वैरण टाकत होते,
सकाळी टाकलेल्या वैरणीवर.

तिनं तिकडे पाहिलं आणि म्हणाली,
"उंबी."

आम्ही ऐकलेला तिचा पहिला शब्द.
मामंजींनीही ऐकला.
पेंढी खाली ठेवली, काही न बोलता कालव्याकडे गेले.
फेब्रुवारीचा गहू, दाणा अजून दुधात.
परतले ते काखेत उंब्या घेऊन.
गोवऱ्या पेटवल्या, उंब्या भाजल्या,
तळहातावर चोळल्या, फुंकून तूस उडवलं
आणि हिरवे गरम दाणे पुढे धरले.
"घे."
सहा महिने फोनवर न आलेला माणूस.

पोरीनं मान हलवली. नाही.
मग त्यांचं काळं झालेलं बोट धरलं,
गोठ्यात नेलं,
पांढऱ्या बैलाच्या पायांशी उभी राहून
वर वशिंडाकडे हात केला.
"उंबी."

जोसनानं फोनमध्ये शोधलं
आणि पायरीवर बसून राहिली.
"हिच्या भाषेत बैल.
वर्षभरात त्या भाषेतला एक शब्द नाही काढला हिनं, वहिनी.
मला वाटलं, विसरली."
शहरात बैल नसतात, मी म्हणाले,
आणि म्हटल्यावर वाटलं, गप्प राहायला हवं होतं.

मामंजी दाणे धरूनच उभे.
"मंग याले काय म्हंते तुयी पोरगी?"
जोसनाला माहीत नव्हतं.
पोरीनं चार दाणे उचलले,
एक बैलाला दिला.

रात्री मी तिला काट्यावर उभं केलं.
ती माझी लाभार्थी नाही, यादीत बसत नाही,
म्हणून वहीच्या शेवटच्या पानावर, अंड्यांच्या हिशेबाखाली.
जन्मवजनाचा रकाना आला.
अठरा वर्षं मी हा रकाना रिकामा सोडलेला नाही,
वरून साहेब ओरडतात,
घरी जन्मलेल्यांचं अंदाजे लिहून टाकते.
पेन टेकवलं, आणि मनात आलं
की एकट्याला शब्द येत नाही.
कोणीतरी हिला कडेवर घेऊन
बैलाकडे बोट केलं असेल,
ती म्हणेपर्यंत पुन्हा पुन्हा केलं असेल.
त्या बाईचं, किंवा म्हाताऱ्याचं,
नाव कुठल्याच कागदात नाही.
अंदाजे काय लिहू?

रकाना सोडला.
आजचं वजन तेवढं लिहिलं:
सतरा किलो चारशे,
लाल बुटांसकट.
काढायला ती तयार नव्हती.