शेपूट

सक्करदऱ्यात, बॅटरीच्या दुकानावर, लोखंडी जिन्याने वर,
संध्याकाळी सात ते आठ माझा वर्ग.
मे महिना. कठडा अजून चटका देतो.
कूलरला वाळा नवा, पाणी मात्र कोमट,
आणि खडूची सगळी धूळ मागच्या बाकावर.

फळ्यावर दोन रकाने आखते.
माणूस कसा, ते डावीकडे: विशेषण.
काम कसं, ते उजवीकडे: क्रियाविशेषण.
उजवीकडे जाताना बहुतेकांना एक शेपूट फुटतं.

गजू लांजेवार हात वर न करताच बोलतो,
"मॅडम, मस्त माणूस. मस्त बोलते. शब्द तोच राह्यला ना?
मंग इंग्रजीलेच कायले शेपूट पाह्यजे?"

खरं आहे. आपला शब्द कपडे न बदलता
माणसाकडून कामाकडे जातो,
जसा गजू गॅरेजमधून इथे,
त्याच ग्रीसच्या शर्टात.

स्लो, स्लोली. क्विक, क्विकली. पटापट पाठ होतं.
मग फ्रेंडली येतं, शेपूट असून डावीकडचं.
मग फास्ट, कुठेही बसवा, बदलत नाही.
"हा आपला नागपूरचा," मागून कोणीतरी.

रंजू तिरपुडे अर्ज दाखवायला आणते.
मॉलमध्ये काउंटरवर लागायचं आहे तिला.
निळ्या शाईत, पट्टीने अधोरेखित: आय वर्क हार्डली.
पहाटे तीन घरच्या पोळ्या,
मग मेडिकलला आयाची ड्यूटी,
मग हा जिना.
नियम तिने बरोबर लावला होता.
वाक्य म्हणत होतं, मी काम जवळजवळ करतच नाही.

सांगितलं तसं.
"म्हंजे शेपूट लावलं का मेहनतच गेली?"
"गेली."
"मंग माह्या सासूले इंग्रजी येते म्हणायची."

हसू ओसरेपर्यंत आठला दहा मिनिटं उरली.
लेट घेतला. हजेरीत रोज लागतो, म्हणून घेतला.
ही कम्स लेट. तो उशिरा येतो. उजवीकडे.
कोराडीची दुसरी पाळी, घरी यायला साडेअकरा,
भाजी दोनदा गरम करायची,
बारा वर्षं हे वाक्य मी तक्रारीच्या सुरात म्हटलं.

हाच शब्द नावाच्या आधी ठेवा, म्हटलं.
उदाहरणाला नाव हवं होतं.
जे तोंडात होतं ते आलं:
लेट सुधाकर.

कुणी काही विचारलं नाही.
गजूने उतरवून घेतलं, डावीकडे,
अक्षर नेहमीपेक्षा जरा नीट.

कूलरचा पंप गुरगुरून थांबला.
रंजूने पेनाचं टोपण दातातून काढलं,
"मॅडम, लेटले शेपूट लागते का?"

लागतं. लेटली.
पण मग अर्थ होतो अलीकडे,
एवढ्यात.

"वाक्य करून दाखवा ना."

खाली शटर अर्धं ओढल्याचा आवाज आला.
आठ वाजले होते.
उद्या, म्हटलं.