अकरा मोकळ्या जागा आणि एक टिंब

क्लाक्सविकच्या धक्क्यावरून हानुसनं तो कीबोर्ड आणला
मासळीच्या खोक्यात, वर जुना स्वेटर पांघरून,
आजारी कोकरू आणावं तसा.
एकशे अठ्ठावीस बटणं. प्रत्येकावर चिकटपट्टी,
पट्टीवर त्याचं तिरकं अक्षर :
कॉड, हॅडक, हॅलिबट,
कॉड लहान, कॉड फारच लहान,
आणि एकावर नुसतंच – ‘ते दुसरं’.

“रानवा,” तो म्हणाला, “सोमवारी लिलावघराचा संगणक गेला.
नवा आलाय, तो ह्याला ओळखत नाही.
आणि माझी बोटं
ह्याच्याशिवाय कुणाला ओळखत नाहीत.”

गोल तोंडाची वायर, चौकोनी भोक.
पहिला अडॅप्टर मुका निघाला.
दुसऱ्यानं तीन दिवे लावले, विझवले, संपलं.
तिसऱ्यासाठी चार दिवस बोटीची वाट पाहिली;
वारा उत्तरेचा होता.
तेवढ्यात कीबोर्ड पालथा घातला तर
खवले सांडले टेबलावर,
वीस वर्षांचे, अभ्रकासारखे,
आणि खवल्यांच्या तळाशी चार बारीक स्विच.
कुठला वर, कुठला खाली, कुठेच लिहिलेलं नाही.
सोळा शक्यता. तेरावीला लागला.

सॉफ्टवेअर माझ्या मुलाहून मोठं.
ते उघडायला आधी
जुन्या संगणकाचं सोंग घेणारी एक खिडकी उघडायची,
तिच्या आत करडी चौकट,
चौकटीत शेजारी शेजारी, एकाच रंगाची दोन बटणं :
‘वाचा’ आणि ‘लिहा’.
आधी ‘लिहा’ दाबलं असतं
तर अख्खं लिलावघर कोरं झालं असतं.
मी दोन्ही हात क्षणभर मांड्यांखाली दाबून बसले.
मग ‘वाचा’ दाबलं,
आणि त्याला वाचा फुटली.

ओळीमागून ओळ :
मासळी, वजन, बोटीचं नाव,
विकून टाकलेल्या बोटींचीही नावं,
एका व्यापाऱ्याचं नाव तीन वेगळ्या तऱ्हांनी.
आणि कोपऱ्यातलं, पट्टी नसलेलं बटण :
अकरा मोकळ्या जागा आणि एक टिंब.

मला वाटलं बिघाड.
“बिघाड नाही,” हानुस म्हणाला. “बोलीच लागली नाही
त्या खोक्याचं बटण.”

नव्या नोंदवहीला रिकामं चालत नाही.
मोकळ्या जागा ती कातरून टाकते,
उरतं टिंब, माशी बसल्यासारखं.
ऑफिसातली मुलगी फोनवर म्हणाली, मग शून्य घाला ना.
हानुस बराच वेळ काही बोलला नाही.
“शून्य ही किंमत झाली,” तो म्हणाला.
“शून्याला विकलं म्हणजे विकलं.
हे विकलंच नाही. हे सगळे बघत उभे होते
आणि कुणी बोललं नाही.”

रात्री साडेअकराला त्या करड्या चौकटीत,
यादीच्या तळाशी मला एक आज्ञा सापडली : ‘थांबा’.
काही छापत नाही. नुसती थांबते,
सेकंदाचा सातवा भाग.
मी ती अकरा वेळा घातली. मग टिंब.
मग ‘लिहा’. ह्या वेळी डोळे मिटून.

शुक्रवारी सकाळी मी मागच्या रांगेत उभी होते,
ओल्या फरशीवर, दुसऱ्याच कुणाचे बूट घालून.
कॉड गेला, हॅडक गेला,
शेवटचं खोकं पुढे ओढलं. व्यापारी मोबाइलात.
हानुसनं न बघता कोपऱ्यातलं बटण दाबलं.
वर मोठ्या पडद्यावर काहीच नाही,
काहीच नाही,
इतकं की दोघातिघांनी मान वर केली.
मग टिंब.

पैसे त्यानं विचारले, मी नको म्हटलं.
संध्याकाळी दाराशी वर्तमानपत्रात गुंडाळलेला मासा होता.
कुठला, ते मला अजून कळलेलं नाही.
चपटा, एक डोळा मोठा.
बहुतेक ते दुसरं.