मस्टरवरच्या दोन तुळसाबाई

डाळ मिलच्या मस्टरवर दोन तुळसाबाई होत्या,
दोघी पाटील, दोघी पारोळ्याकडच्या,
नवऱ्यांची नावंही भ वरून.
मुनीम हिरालालजींनी चष्मा कपाळावर सरकवला
आणि नावांपुढे लाल शाईनं एक, दोन असं घातलं.
माझी आई एक. किंवा दोन.
नवं मस्टर आलं की तेही उलटायचं.

आज फळ्यावर दोन इलेक्ट्रॉन काढले
आणि सवयीनं खाली लिहिलं, एक, दोन.
मग म्हणाले, हे आकडे खडूचे आहेत, त्यांचे नाहीत.
इलेक्ट्रॉनला तीळ नसतो, गोंदण नसतं,
पाठीमागून हाक मारावी असं काही नसतं.
जागा बदलल्या त्यांनी, तर काय बदललं?
एप्रिलची दुपार. मेहरूणकडून भट्टीसारखा वारा.
काही नाही, मीच म्हणाले,
फक्त पुढे एक वजा लागतो,
आणि तो नुसता पाहिला तर दिसत नाही.

यावलची रुबीना तडवी हात वर न करताच विचारते,
सारखे आहेत म्हणून गुंतलेले का, मॅडम?

नाही गं.
पोतंभर तूर सारखीच असते,
म्हणून दाण्याला दाण्याचं काही पडलेलं नसतं.
आपण लिहितो तेव्हा दोघांना एका ओळीत कोंबतो,
तो आपल्या लिहिण्याचा गुंता.
खरा गुंता वेगळा, म्हटलं,
आणि तास संपला.

वेगळा म्हणजे कसा, ते वर्गात सांगण्यासारखं नव्हतं.

आई पाळीवरून यायची, भुवयांवर टरफलांची धूळ.
पदराच्या गाठीतून डाळ काढायची, माझ्या हातावर दोन फाकी.
कोनता दानानी शे हाई फाक?
मी जुळवायची. कुठलीही कुठलीला बसायची.
मग ती दातानं एक दाणा फोडायची,
एक फाक तिच्या मुठीत, एक माझ्या.
ह्या एकमेकींच्या, म्हणायची.
मुठी उघडून पुन्हा ढिगात टाकल्या
की त्याही गेल्या.

चाळणीपाशी स्टूल एकच.
दिवसा एक तुळसाबाई, रात्री दुसरी,
एका वेळी दोघी तिथे कधी बसल्या नाहीत.
एकीला ताप आला तर दुसरी दोन्ही पाळ्या ओढायची,
पगार मुनीम कुणाच्याही नावावर चढवो,
शनिवारी दोघी मिलच्या नळाशी
पैसे पदरात एकत्र ओतायच्या आणि मोजायच्या.
बेरीज पक्की असायची, पैशापर्यंत.
त्यातले तुझे किती, असं आईला विचारलं
तर ती खरंच गोंधळायची.
लपवत नव्हती. ते ठरलेलंच नव्हतं.

मग एका पहाटे फाटकाबाहेर ट्रकनं उडवलं,
आणि गावभर झालं, तुळसाबाई गेली.
आमच्याकडेही माणसं आली.
तोंडाला पदर लावून, कुणी नारळ घेऊन.
दार आईनं उघडलं.
क्षणभर सगळे तिच्याकडे पाहत राहिले,
तीही स्वतःकडे पाहावं तशी त्यांच्याकडे.
बसा, म्हणाली, चहा ल्या. मी जित्ती शे अजून.
आणि तिनं खरंच चहा टाकला,
अकरा कप.

मुनीमांनी विचारलं, कोणती खोडू, एक की दोन?
आई म्हणाली, कोणतीही.

त्यानंतर सगळं तेच. तीच चाळणी, तेच स्टूल, तीच भाकर.
फक्त कुणी तुळसाबाई म्हटलं की
ती आधी मागे वळून बघायची,
मग ओ द्यायची.

फळा अजून पुसलेला नाही.
उद्या रुबीना परत विचारेल.
एक आणि दोन मी बोटानं पुसून टाकते,
इलेक्ट्रॉन तसेच ठेवते.
बोटाला खडू लागलेला,
तो कुठल्या आकड्याचा, कोण जाणे.