सावलीची पाळी

चिंचघाटात सावली पाळीनं येते.
घरटी अकरा मिनिटं.
कोसभर उंचावर राखी कापड तरंगतं,
वेणेच्या वाळूतल्या खुंट्याला बांधलेलं,
म्हशीसारखं,
हाकललं की सरकतं,
कधी सरकत नाही.

हाकलते मी.
नेमणुकीच्या कागदावर छायापाल,
गावात सावलीवाली,
भांडणात काय काय, ते इथं लिहीत नाही.
लांजेवारांचं आटोपलं की डहाक्यांचं अंगण,
मग शाळा, हवेतून पाणी पिळणारा कारखाना,
शेवटी बैलांचा गोठा.
बैलच म्हणतो आम्ही अजून,
चारी पाय लोखंडाचे असले
आणि पोळ्याला शिंगं वरून बसवावी लागली, तरी.

"दोन मिन्टं कमी देल्ले तुनं मले,"
बेबीताई लांजेवार रोज म्हणते.
घड्याळ जमिनीत पुरलेलं आहे, खोटं बोलत नाही,
पण तिच्यापुढे तेही चाचरतं.

मे महिन्यातली दुपार हा आमच्याकडे एक मुलूख आहे.
तिथं कोणी जात नाही.

रुखमांगद वाघाडेनं सातशे दिवस पाळी घेतली नाही.
त्याच्या घरावरून मी कापड तसंच पुढं नेत असे,
त्याचे पत्रे कडकड वाजत,
वहीत मिनिटं साठत.
गाव म्हणालं, विकणार.
उमरेडच्या बाजारात मिनिटांना भाव होता.
गाव म्हणालं, पोरीच्या लग्नाला.
पोरगी चंद्रावरच्या खाणीत, तिकडेच करून मोकळी झालेली.

एका बुधवारी तो आला. घाम पुसला.
"साऱ्या गावावर टाक."
मी हिशेब सांगितला:
पूर्ण उलगडलं तर कापड एका मिनिटाला चाळीस खातं.
सातशे दिवसांचे तीन तास बारा मिनिटं होतात, बस.
"होऊ दे. बारा वाजतापासून."
"कायले पण?"
"असंच."
"वहीत काय लिहू मी?"
"असंच लिही नं."

बाराला कापड उलगडलं.
नदीपासून टेकडीपर्यंत एकच सावली,
मधे कुठं शिवण नाही.
दारं उघडेनात.
बाराला मिटायचं, माणसाला आत धरायचं,
एवढंच त्यांना शिकवलेलं.
एकेका दाराची समजूत घालावी लागली.

डहाक्यांची तन्वी पहिली, अनवाणी.
रस्त्यावर पाय ठेवला, उचलला, परत ठेवला.
मग बाकीचे.
आलेले नुसते उभे.
काय करतात दुपारी, ते कोणाला आठवेना.
कोणी सतरंजी आणली, कोणी परत नेली.
बैलांना वाटलं सांज झाली,
ते अर्ध्या तासातून गोठ्याकडे निघाले,
त्यांच्या मागे पोरं.
बेबीताई तेवढी कावलेली:
"माह्या कुरडया वायतीन कशा आता?"

बाभळीवर होला बोलला.
खरा, की कोणी बसवलेला,
विचारलं नाही कोणी.

आणि रुखमांगद?
चौकात दुपट्टा अंथरून आडवा झाला.
तीन तास बारा मिनिटांतले अडीच तास झोपला.
घोरला.
उठवावं की नाही यावर चार म्हातारे
त्याच्या उशाशी बसून हळू आवाजात भांडले.

माझी टपरी वाळूत, कापडाच्या काठाबाहेर.
ठोके मोजत मी उन्हातून बघत होते.
गाव एवढंसं दिसत होतं,
ताटाखाली झाकून ठेवल्यासारखं.

संध्याकाळी वही नागपूरला पाठवली.
वाघाडे, सातहजार सातशे, कारण: असंच.
तिकडच्या यंत्रानं परत केली.
हे कारण यादीत नाही, कृपया निवडा:
लग्न, मयत, आजार, पीक, इतर धार्मिक.
रोज विचारतं. मी रोज उद्या म्हणते.

दुसऱ्या दिवशी बेबीताईचं अंगण.
दहा मिनिटं झाली,
तिनं वर बघून हात हलवला. ने पुढं.
"एक बाकी आहे तुमचं."
"मांडून ठेव त्या वहीत.
अन् सांगशीन नको कोणाले."